खर्रा, पहाट आणि सात दिवसांचे शिबिर

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत तरुणांना सवयी लावणारे जे उपक्रम चालतात, त्यांची गणना करताना शासकीय अहवाल, स्वयंसेवी संस्थांची माहितीपत्रके आणि विद्यापीठीय प्रबंध या तिन्हींत एक ठळक उणीव आढळते, ती अशी की, या प्रदेशातील सर्वांत यशस्वी युवा उपक्रमाची त्यांत नोंदच नसते. या उपक्रमाला अनुदान नाही, त्याचे उद्घाटन कोणत्याही पालकमंत्र्याच्या हस्ते झालेले नाही, त्याच्या प्रशिक्षकांना मानधन मिळत नाही, आणि तरीही त्याची शाखा नसलेले गाव शोधण्यासाठी अभ्यासकाला बरेच पायी चालावे लागते. या उपक्रमाचे नाव खर्रा असे आहे.

विदर्भाबाहेरील वाचकासाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक ठरते. खर्रा म्हणजे सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना एकत्र करून, ते प्लास्टिकच्या पन्नीत धरून, जोर लावून घासत घासत एकजीव केलेले मिश्रण होय. या घासण्याला ‘घोटणे’ म्हणतात, आणि शहरांत ते काम यंत्रावर होऊ लागले असले तरी जाणकार मंडळी अद्याप हाताने घोटलेल्या खर्‍याचाच आग्रह धरतात. घोटण्यास काही मिनिटे लागतात, आणि ही मिनिटे म्हणजेच या संस्थेचा प्राण होय, कारण तेवढ्या अवकाशात पानठेल्यासमोर उभ्या असलेल्या तरुणाला धानाचा भाव, पोलीस भरतीची तारीख, रानडुकरे कोणाच्या बांधीत शिरली आणि सोयरीक कोणाची मोडली, ही सर्व माहिती विनासायास प्राप्त होते. शिबिरांच्या परिभाषेत याच गोष्टीला ‘परिचय सत्र’ म्हणतात, आणि त्यासाठी बाहेरगावाहून साधनव्यक्ती बोलवावी लागते. साधनव्यक्ती म्हणजे असा तज्ज्ञ, जो चांगल्या धडधाकट तरुणांना गोलात बसवून एकमेकांकडे चेंडू फेकायला लावतो आणि चेंडू झेलणार्‍याला त्याचा आवडता प्राणी विचारतो. ठेल्यावर आवडता प्राणी कोणी विचारत नाही, तरीही तेथे जमलेल्यांची ओळख आयुष्यभर टिकते.

पन्नी उघडली की ‘दे ना गा थोडासा’ असे म्हणत चार हात पुढे येतात, आणि त्या चार हातांत एखादा हात शिक्षकाचा, एखादा कोतवालाचा आणि एखादा नववीतल्या मुलाचा असतो, हे या संस्थेच्या समतावादी स्वरूपाचे द्योतक मानावे लागेल. पहिली चिमूट कोणीही विकत घेत नाही, ती मिळते. समाजशास्त्रज्ञ ज्याला समवयस्कांचा प्रभाव म्हणतात, म्हणजे बरोबरीची मुले करतात म्हणून एखादी गोष्ट आपणही करावीशी वाटणे, तो येथे कोणत्याही पुस्तिकेशिवाय आणि तक्त्याशिवाय काम करीत असतो. स्त्रियांचा या चळवळीतील सहभाग कमी आहे असाही कोणी समज करून घेऊ नये, कारण भाजलेल्या तंबाखूची पूड, जिला या भागात ‘नस’ म्हणतात, ती दातांना घासण्याचा परिपाठ अनेक घरांत सासूकडून सुनेकडे जातो आणि त्याला दंतस्वच्छता असे नाव दिले जाते.

2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात. त्यांपैकी धूम्रपान करणारे लोकसंख्येच्या केवळ 3.8 टक्के, तर तोंडात ठेवण्याचा, म्हणजे बिनधुराचा तंबाखू वापरणारे 24.4 टक्के आहेत. महाराष्ट्रातील तंबाखू जळत नाही, चघळला जातो, एवढा अर्थ या आकड्यांवरून शाळकरी मुलालाही लागावा; परंतु तंबाखूविरोधी फलक रंगवणार्‍या कलावंतापर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही, आणि म्हणून भामरागडपासून वरोर्‍यापर्यंतच्या भिंतींवर लाल फुलीखाली अजून एक धुमसती सिगारेटच आढळते. गालात खर्रा धरलेला तरुण हा फलक लक्षपूर्वक वाचतो, सिगारेट वाईट या विधानाशी मनापासून सहमत होतो, बाजूला थुंकतो आणि पुढे जातो.

कायद्याने आपले काम केलेले नाही असेही म्हणता येत नाही. 2003 च्या केंद्रीय कायद्याने 18 वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरच्या आत तो विकण्यास मनाई केली. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखा बंद केला आणि पुढे सुगंधित तंबाखू व सुपारीही बंदीच्या कक्षेत आणली. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार तर मुलाला तंबाखू देणार्‍यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अडचण निराळीच आहे. या दोन जिल्ह्यांत अशी अनेक गावे आहेत, ज्यांची एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंतची लांबीच 100 यार्डांच्या आसपास भरते, आणि त्यांच्या मधोमध जिल्हा परिषदेची शाळा असल्याने कायद्याची काटेकोर अंमलबजावणी करायची तर ठेला जंगलात न्यावा लागेल, जेथे वनविभागाची परवानगी लागते. मोठ्या गावांत शाळेच्या फाटकापासून पिवळी रेषा आखली जाते आणि तिच्या पलीकडे, पहिल्या मोकळ्या फुटावर, ठेला उभा राहतो. भूमापनाचे इतके अचूक शिक्षण विद्यार्थ्यांना अन्यत्र क्वचितच मिळते.

आरोग्यदायी सवयींच्या कार्यक्रमांचे पंचांग हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. जागतिक तंबाखूविरोधी दिन 31 मे रोजी आणि आंतरराष्ट्रीय योग दिन 21 जून रोजी येतो, आणि दोन्ही दिवशी राज्यभरातील विद्यार्थ्यांनी शपथ घ्यावी, आसने करावीत आणि त्यांची छायाचित्रे त्याच दिवशी वर पाठवावीत अशी अपेक्षा असते. विदर्भातील शाळा मात्र उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. परिणामी 31 मे रोजी, जेव्हा चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या वर जाण्यास मोकळा असतो आणि विद्यार्थी मामाच्या गावी, आंब्याखाली किंवा तेंदूच्या फळीवर असतात, तेव्हा शिक्षक गावात उरलेली पाच-सात मुले जमवून, त्यांच्याकडून तंबाखू न खाण्याची शपथ घेऊन, छायाचित्रात ती पंचवीस दिसतील अशा बेताने उभी करतात. या छायाचित्रणकलेची योग्य ती दखल अद्याप घेतली गेलेली नाही.

तेंदूच्या फळीचा उल्लेख ओघाने आला आहे, तर तिचेही स्पष्टीकरण देणे इष्ट होय. फळी म्हणजे तेंदूपाने वाळवण्याची आणि मोजून घेण्याची जागा. मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे पहाटेपासून पाने तोडून त्यांचे पुडके बांधतात, आणि 1996 च्या पेसा व 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा हा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. या पानांचा एकमेव मोठा उपयोग विडी वळण्यासाठी होतो. तेव्हा जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या आठवड्यात ज्या घरात शपथेचा कागद जातो, त्याच घरात तेंदूच्या मजुरीचे पैसे येतात, आणि या दोहोंपैकी शाळेची वही-पुस्तके कशातून येतात हे मुलाला नीट ठाऊक असते.

पुण्या-मुंबईत लिहिल्या गेलेल्या आरोग्यपुस्तिका या वनप्रदेशात आल्यावर त्यांची जी अवस्था होते, तीही चिंतनीय आहे. अशा पुस्तिकेचा पहिला नियम सूर्योदयापूर्वी उठून एकट्याने मोकळ्या हवेत भरभर चालावे असा असतो. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत, आणि तेथील वनविभाग गावोगावी नेमका याच्या उलट उपदेश करतो, तो असा की, सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर बाहेर पडू नये, पडल्यास एकट्याने पडू नये आणि चालताना मोठ्याने बोलावे. एकाच शासनाचे दोन विभाग एकाच तरुणाला एकाच वेळी घराबाहेर काढतात आणि घरात ढकलतात, अशा वेळी तो पांघरूण डोक्यावरून ओढून घेतो, यात आळसापेक्षा आज्ञाधारकपणाच अधिक दिसतो. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये वडसा परिसरात जेरबंद झालेल्या सीटी-1 या वाघाने 13 माणसांचा बळी घेतला होता, त्यामुळे या मुद्द्यावर याहून अधिक विनोद करणे योग्य नव्हे.

दुसरा नियम खोल श्वास घेण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते. औष्णिक वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्या सान्निध्यात राहणार्‍याने प्राणायामात पूरक करावा की रेचकावरच भर द्यावा, हा प्रश्न योगाचार्यांनी अनुत्तरित ठेवला आहे. तिसरा नियम रात्री 10 वाजता झोपण्याचा, आणि झाडीपट्टी रंगभूमीची नाटके, ज्यांच्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा येथे आहे, दिवाळीनंतरच्या हंगामात रात्री 10 च्या सुमारास सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतात. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री दहा वाजता झोपणारा तरुण गावात निरोगी समजला जात नाही. त्याला ताप आहे का, हे बघायला माणसे येतात.

या सर्व पार्श्वभूमीवर महाविद्यालयीन तरुणांसाठीचे जे सर्वांत परिचित माध्यम, त्याकडे वळावे लागते. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून चालू आहे आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतही तिची पथके आहेत. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास सेवा करावी आणि एका दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, असा तिचा दंडक आहे. शिबिरात पहाटे पाचला शिट्टी वाजते, प्रभातफेरी निघते, व्यायाम होतो, श्रमदान होते, दुपारी बौद्धिक होते, म्हणजे जेवणानंतरच्या अनिवार झोपेच्या वेळी एखाद्या पाहुण्याचे व्याख्यान होते, आणि रात्री व्यसनमुक्तीवर पथनाट्य सादर होते, ज्यात दारुड्याची भूमिका करण्यासाठी सर्वाधिक चढाओढ असते. या सात दिवसांत विद्यार्थी खरोखरच पहाटे उठतात, वेळेवर जेवतात आणि एरवीपेक्षा हसतमुख दिसतात. आठव्या दिवशी ते घरी पोहोचतात आणि साडेनऊला उठतात.

याचे शास्त्रीय कारण उपलब्ध आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकार्‍यांनी 96 व्यक्तींवर केलेल्या आणि 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात असे दिसले की, एखादी नवी कृती अंगवळणी पडण्यास, म्हणजे विचार न करता आपोआप घडू लागण्यास, सरासरी 66 दिवस लागतात. माणसामाणसांतील अंतर मात्र 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत असते. सात दिवसांचे शिबिर यांपैकी कोणत्याही आकड्याच्या जवळ जात नाही, एक दिवसाची कार्यशाळा तर गणनेतच येत नाही, आणि दोन मिनिटांच्या शपथेविषयी या विद्वानांनी काही म्हटल्याचे आढळत नाही. खर्रा मात्र दिवसातून चार-पाच वेळा, सुट्टी न घेता, सणावारीही चालू राहत असल्याने 66 ची मजल तो सहज मारतो.

असे असले तरी या दोन जिल्ह्यांत खर्‍याच्या तोडीस तोड ठरलेले उपक्रम नाहीतच, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल, आणि त्यांचे बारकाईने निरीक्षण केल्यास एक गमतीची गोष्ट ध्यानात येते: त्यांनी कळत-नकळत पानठेल्याचीच कार्यपद्धती उचललेली आहे. चंद्रपूर शहरात गोंडकालीन किल्ल्याचा सुमारे 11 किलोमीटरचा परकोट झुडपांत आणि कचर्‍यात बुडाला होता. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 पासून रोज सकाळी कुदळ-फावडे घेऊन तो मोकळा करण्यास सुरुवात केली. त्यांनी व्यायामाचे महत्त्व सांगणारे एकही भाषण केले नाही, परंतु ठरलेली जागा, ठरलेली वेळ, तीच मंडळी आणि हाताला काम या चार गोष्टी तेथे होत्या. 66 दिवस कधी उलटले हे कोणी मोजलेच नाही, कारण बुरूज अजून शिल्लक होता. वजन कमी करण्यासाठी जो तरुण रोज चार किलो डंबेल उचलणार नाही, तो बिनबा दरवाजाजवळचा चाळीस किलोचा दगड मात्र मित्रांदेखत आनंदाने उचलतो.

मूल तालुक्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी साठच्या दशकात सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी तर मे महिन्यात भरते, ज्या महिन्यात चंद्रपुरातून बाहेर जाण्याची प्रथा आहे, आत येण्याची नव्हे. तेथे राज्यभरातून तरुण स्वखर्चाने येतात, पहाटे श्रमदान करतात, उन्हात घाम गाळतात आणि परत जाताना पुढच्या वर्षी येण्याचे ठरवतात. ज्या मातेने घरी आपल्या चिरंजीवांना पाण्याचा माठ भरायला सांगून तीन वर्षे वाट पाहिली, तिला हे चिरंजीव सोमनाथला बांध घालत होते हे कळल्यावर काय वाटत असेल, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 2006 मध्ये ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू केला, ज्यात आयुष्याचे काय करावे या प्रश्नावर तरुणांना एकत्र विचार करायला लावले जाते. राणीताईंचा ‘तारुण्यभान’ हा कार्यक्रम मुलामुलींशी शरीर, लैंगिकता आणि व्यसने यांविषयी सरळ बोलतो, म्हणजे जीवशास्त्राच्या पुस्तकातील जे प्रकरण अनेक शाळांत ‘हे घरी वाचून या’ या वाक्यात शिकवून संपते, तेच येथे उघडून बसतो. वास्तविक तरुणांनी रोज संध्याकाळी एका ठिकाणी जमावे, ज्येष्ठांकडून शिकावे, गावे-नाचावे आणि गावाचे काम करावे ही कल्पना या भूमीला नवी नाही. माडिया आणि गोंड समाजातील गोटुल ही नेमकी अशीच संस्था होय. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर 1947 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, आणि शहरी वाचकांनी त्यातील निवडक प्रकरणेच आवडीने वाचल्यामुळे गोटुलाचा लौकिक भलत्याच दिशेला गेला. रात्रभर रेला नाचणार्‍या तरुणाला हृदयाच्या व्यायामाविषयी माहितीपत्रक देण्याची गरज कोणास वाटली असेल, तर ती छपाईचा निधी मार्चअखेर संपवावयाचा असल्यामुळेच.

आणि तरीही, निव्वळ आकड्यांत पाहिल्यास, पहाटे उठवण्याच्या कामी कोणतीही संस्था पोलीस भरतीच्या पासंगालाही पुरत नाही. भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे गुण असतात, वनरक्षकासाठी हेच अंतर अनुक्रमे 5 आणि 3 किलोमीटर होते. त्यामुळे धानोरा, चामोर्शी, सिंदेवाही, नागभीड अशा कोणत्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे मुलामुलींचे घोळके धावताना दिसतात, मोबाइलवर वेळ लावतात, भिजवलेले चणे खातात आणि रात्री लवकर झोपतात. घोळक्याने जात असल्याने वनविभागाचाही नियम आपोआप पाळला जातो. नेमणूक झाल्यानंतर ही सवय पोटाच्या घेराच्या दृष्टीने किती टिकते, हा पुढील संशोधनाचा विषय आहे. 2018 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांत शिकणारे पाच आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ अंतर्गत 8848 मीटर उंच एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांनाही कोणी आरोग्याचे महत्त्व पटवून दिले नव्हते, केवळ एक डोंगर दाखवला होता आणि त्यासाठी कित्येक महिने एकत्र सराव करून घेतला होता.

दारूच्या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक विलक्षण प्रयोग केला आहे. लोकचळवळीनंतर गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी झाली, महिलांच्या आंदोलनानंतर चंद्रपुरात ती 2015 मध्ये झाली आणि 2021 मध्ये उठली; त्यामुळे वैनगंगेच्या पुलाच्या एका टोकाला जो गुन्हा, तो दुसर्‍या टोकाला महसूल अशी स्थिती पुन्हा निर्माण झाली आहे, आणि पुलावर मधोमध उभ्या असलेल्या तरुणाने कोणती सवय आरोग्यदायी मानावी हे त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर ठरते. गडचिरोलीत 2016 पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांनी चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने मात्र केवळ बंदीवर विसंबून न राहता गावागावांत संघटना उभ्या केल्या, ज्या विक्रेत्याला गाठतात, दंड ठरवतात आणि व्यसनीला उपचारासाठी नेतात. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा), ज्याला 2009 मध्ये देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत स्थान आहे, तेथे ग्रामसभा आणि अभ्यासगट सर्वसहमतीने निर्णय घेतात. सर्वसहमती म्हणजे एकही माणूस नाराज असेल तोवर बसून राहणे, आणि तेवढा वेळ बसून राहण्याची तयारी असलेल्या गावापुढे ठेलेवाल्याचेही फार चालत नाही.

यावरून अभ्यासकाचे मत असे बनते की, तरुण उपदेशाने बिघडलेले नसल्यामुळे ते उपदेशाने सुधारणारही नाहीत. जिल्हा नियोजनातून पुढील वर्षी युवा आरोग्यासाठी जे पैसे खर्ची पडतील, त्यांतून फलक आणि टोप्या वगळाव्यात, तंबाखूविरोधी दिन जुलैत हलवावा, आणि उरलेल्या रकमेत प्रत्येक मोठ्या गावात रोज संध्याकाळी उघडणारी, दिवा असलेली, बसायला फळी असलेली आणि कोणीही भाषण न करणारी एक जागा ठेल्याच्या अगदी समोर उभारावी. व्हॉलीबॉलचे जाळे मिळाल्यास उत्तम.

तोवर या दोन जिल्ह्यांतील खर्रा खाणार्‍या वाचकाने एवढे करावे: आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडावे आणि हाताची मधली तीन बोटे जुळवून, उभी धरून, पुढच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये बसतात का ते पाहावे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा हळूहळू ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. त्या अवस्थेतून पुढे कर्करोग होऊ शकतो. तीन बोटे जात नसतील, तर उद्या सकाळी चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या शासकीय रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि ठेल्यावर सोबत उभ्या राहणार्‍या मित्रालाही घेऊन जावे.